मधल्या अंतराचे वाङ्मय : युरोपातील आगगाडी, काटकसरीचा प्रवासी आणि मराठी प्रवासवर्णन

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचा विचार आपल्याकडे बहुधा लघुनिबंधाच्या अनुषंगाने होत आला आहे. लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा प्रत्यय, निवेदनातील खेळकरपणा, निसर्गचित्रांतील काव्यात्मता, स्थळवर्णन आणि आत्मनिवेदन यांचा तोल, या चार-पाच कसोट्या लावल्या की समीक्षकाचे काम आटोपते. वसंत सावंत यांनी 'प्रवासवर्णन : एक वाङ्मयप्रकार' या ग्रंथात या प्रकाराच्या स्वरूपाची स्वतंत्र चर्चा केली, हे खरे. तथापि पदव्युत्तर वर्गांतून होणारे अध्यापन अद्याप याच कसोट्यांभोवती घोटाळते, हे प्रस्तुत लेखकाला स्वानुभवाने मान्य करावे लागते. अशाच एका तासाला एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न या लेखाला निमित्त झाला आहे. हा विद्यार्थी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, सळया करणाऱ्या एका कारखान्यात, रात्रपाळीला काम करतो आणि सकाळी वर्गात येतो. युरोपविषयक मराठी प्रवासवर्णनांवर आमचे व्याख्यान चालू असता त्याने उभे राहून विचारले, "सर, या सगळ्या पुस्तकांत गाडीभाडे कोणी भरले?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण हसू ओसरल्यावर या प्रश्नाला आपल्यापाशी धड उत्तर नाही, हे ध्यानात आले. उत्तर नसण्याचे कारण आमचे अज्ञान एवढेच नव्हते. ज्या पुस्तकांना आपण मराठीतील उत्तम प्रवासवर्णने मानतो, त्यांतील बहुतेक या बाबतीत मौन पाळतात किंवा एका वाक्यात विषय उरकतात. प्रवासाचा खर्च ही वाङ्मयबाह्य गोष्ट होय असा संकेत लेखक, वाचक आणि समीक्षक या तिघांनी मिळून पाळलेला दिसतो. हा संकेत पुरातन नाही, आणि त्याने या वाङ्मयप्रकाराचे काही मोलाचे अंग खुंटविले आहे, असे आम्हांस वाटते.

संकेत पुरातन नाही असे म्हणण्यास सबळ आधार आहे. मराठी प्रवासवर्णनाच्या आरंभी उभा असलेला 'माझा प्रवास' हा विष्णुभट गोडसे यांचा ग्रंथ मुळात कर्जाच्या गोष्टीने सुरू होतो. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाला तो देशदर्शनासाठी नव्हे. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल आणि घरचे ऋण फिटेल, ही त्याची आशा होती. पुढे बंडाचा वणवा त्याच्या वाटेत आला आणि भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. ग्रंथ १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी संस्करण करून प्रसिद्ध केला आणि मूळ लेखनानुसार सिद्ध केलेली प्रत दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली वाचकांपुढे ठेवली. आपण हा ग्रंथ सत्तावनच्या बंडाची हकीकत म्हणून वाचतो. परंतु त्याचे निवेदन पुढे ढकलले जाते ते पैशाच्या चिंतेने. आज रात्री कोठे उतरावे, कोणाच्या घरी अन्न मिळेल, मिळालेली दक्षिणा कोठे दडवावी, कोणत्या वाटेने गेल्यास लुटारूंपासून सुरक्षित राहू, हे प्रश्न पानोपानी आहेत, आणि म्हणूनच दोन मुक्कामांमधली वाट या ग्रंथात जिवंत राहिली आहे. अखेरीस भटजी घरी परततात ते धन घेऊन नव्हे, तर आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन. आजच्या तरुण प्रवाशाच्या पाठीवरील सॅकेचा मराठी वाङ्मयातील पूर्वज शोधावयाचा झाल्यास तो या कावडीत शोधावा लागेल.

दुसरे उदाहरण थेट विलायतेचे आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली आपल्या लहान मुलीसह इंग्लंडला गेल्या. त्या जलप्रवासाचे वृत्त पत्ररूपाने 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. प्रवासाच्या खर्चासाठी त्यांना 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या उत्पन्नाचा आधार होता. एकट्या विधवेने समुद्र ओलांडावा यावर जो गहजब झाला त्यात पैसा कोणाचा, ही शंका अनुस्यूत होतीच. रमाबाईंच्या लेखनातील ताठ स्वर त्या शंकेला दिलेले उत्तर म्हणून वाचला की अधिक उलगडतो. भाडे आपले असले म्हणजे वाक्याचा कणाही आपला राहतो, असे म्हणावयास हरकत नाही.

विसाव्या शतकात चित्र पालटते. न. चिं. केळकर १९१९ साली शिष्टमंडळाबरोबर इंग्लंडला गेले आणि 'विलायतची बातमीपत्रे' त्या कार्याच्या ओघात लिहिली गेली. पु. ल. देशपांडे १९५८ साली टेलिव्हिजनच्या शिक्षणासाठी बी.बी.सी.कडे गेले आणि १९६० साली 'अपूर्वाई' अवतरली. येथून पुढे मराठी लेखक युरोपात जातो तो बहुधा शिष्यवृत्तीवर, निमंत्रणावर, सरकारी कामावर अथवा परिषदेचा प्रतिनिधी म्हणून. यात काहीही गैर नाही. किंबहुना त्या काळी दुसरा मार्गच जवळजवळ नव्हता. परकीय चलनावरील निर्बंध असे कडक होते की साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातून निघणाऱ्या सामान्य प्रवाशास खिशात आठ डॉलरांहून फारसे अधिक नेता येत नसे. ही बंधने सैल होण्यास १९९१ नंतरची आर्थिक धोरणे यावी लागली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याची जागा १९९९ च्या नव्या कायद्याने घेतली आणि २००४ साली व्यक्तीला ठराविक मर्यादेपर्यंत रक्कम परदेशी पाठविण्याची मोकळीक मिळाली. आठ डॉलरांचा प्रवासी कितीही रसिक असला तरी तो स्वतःच्या बळावर रोमहून व्हिएन्नास जाऊ शकत नव्हता. त्याला यजमान लागत होता.

हा यजमान त्या काळातील मराठी प्रवासवर्णनाचा खरा नायक आहे, पण आमच्या समीक्षेने त्याची दखल घेतलेली नाही. लंडनमध्ये अमुक डॉक्टरांकडे उतरलो, पॅरिसला तमुक स्नेह्यांनी गाव दाखविले, जर्मनीत कोणी मराठी अभियंता स्टेशनवर घ्यायला आला आणि त्याच्या पत्नीने पिठले-भात वाढला. अशी वाक्ये वाचून आपण त्यांस आपुलकी म्हणतो. ती आपुलकी होतीच. पण ती चलनाच्या तुटवड्याची भरपाईही होती. यजमानाने निवास दिला, अन्न दिले, आणि त्याबरोबर युरोपकडे पाहण्याची दृष्टीही दिली. पाहुणा यजमानाच्या डोळ्यांनी पाहतो आणि यजमानाला रुचेल असे लिहितो. मराठी प्रवासवर्णनातील तो सुपरिचित सौम्यपणा, परक्या समाजाविषयी कठोर वाक्य लिहिताना अडखळणारी लेखणी, ही लेखकाच्या स्वभावातून जितकी येते तितकीच मिंधेपणातूनही येते. 'अपूर्वाई'त पु. लं.नी या अवघडलेपणाचे विनोदात रूपांतर केले. विलायतेस निघालेल्या माणसाला लाभणारे सल्ले, काट्याचमच्याची धास्ती, आपण तेथे शोभू का ही सततची शंका, यांतून जो हशा पिकतो तो मुळात पाहुण्याचा हशा आहे. पु. लं.ची थोरवी अशी की त्यांनी पाहुणेपण लपविले नाही. त्यांच्या अनुकरणकर्त्यांनी मात्र हशा घेतला आणि अवघडलेपण टाकून दिले. पुढील तीन दशके दिवाळी अंकांतून आलेल्या असंख्य 'युरोपवाऱ्या' त्यामुळेच फिक्या वाटतात.

आता आगगाडीकडे वळू. युरोपचा प्रवास मुख्यतः रुळांवरून होतो आणि त्या खंडाची काटकसरीच्या प्रवासाची परंपरा रेल्वेच्या आश्रयानेच वाढली. युरोपातील बहुतेक रेल्वे-संस्थांनी १९५६ च्या जूनमध्ये तिसरा वर्ग रद्द केला. आपल्याकडे हे घडावयास १९७४ उजाडले. युरोपबाहेरील प्रवाशांसाठी युरेल पास १९५९ साली निघाला, परंतु आरंभी तो पहिल्या वर्गाचा होता आणि त्याचा रोख अमेरिकन पर्यटकाकडे होता. आर्थर फ्रॉमर यांचे दिवसाला पाच डॉलरांत युरोप पाहण्याचे मार्गदर्शक १९५७ चे. एकवीस वर्षांपर्यंतच्या युरोपीय तरुणांसाठी इंटररेल पास आला तो १९७२ साली, आणि एका पासावर एकवीस देशांच्या गाड्या खुल्या झाल्या. निवासाची सोय त्याच्या किती तरी आधी झालेली होती. रिशार्ड शिर्मान नामक शाळामास्तराने १९१२ साली जर्मनीतील आल्टेना येथील गढीत तरुण पदयात्रींसाठी कायमचे वसतिस्थान उघडले आणि त्यातून यूथ हॉस्टेलची चळवळ जगभर गेली. एका मोठ्या खोलीत ओळीने खाटा, आपले अंथरूण आपण घालावयाचे, सामायिक स्वयंपाकघर. मराठी वाचकास यात नवे काय? धर्मशाळा आपल्या गावोगावी होत्या. वारीची परंपरा तर अल्पखर्चाच्या प्रवासाचे जगातील एक मोठे संघटन आहे. फरक इतकाच की धर्मशाळेत उतरण्यास पुण्याचे निमित्त लागे आणि यूथ हॉस्टेलात तारुण्याचे पुरे होई. शिदोरी, तहानलाडू-भूकलाडू, पडशी, मुक्काम, मजल असा स्वस्तातल्या प्रवासाचा संपन्न शब्दसंग्रह ज्या भाषेपाशी आहे, त्या भाषेत युरोपच्या स्वस्तातल्या प्रवासाचे वाङ्मय इतके विरळ का असावे?

चलनटंचाई हे एक कारण झाले. दुसरे कारण वाङ्मयीन आहे, आणि येथे आम्हांस थोडे रेंगाळावयाचे आहे. मराठी प्रवासवर्णनांच्या शीर्षकांचा व्याकरणदृष्ट्या विचार करून पाहावा. अनंत काणेकर यांच्या १९४० च्या पुस्तकाचे नाव 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे'. त्यात पंचमीचा 'ऊन' आहे आणि दिशा दाखविणारे 'कडे' आहे. कोठून निघालो आणि कोणीकडे चाललो, ही दोन्ही टोके नावातच आहेत, म्हणजे त्यांच्यामधील अंतरही आहे. लंडन ते मॉस्को हे अंतर काणेकरांना केवळ भूगोलाचे वाटले नाही, दोन समाजरचनांमधील वाटले. म्हणून त्यांच्या पुस्तकात गती आहे. गंगाधर गाडगीळांच्या १९५९ च्या पुस्तकाचे नाव 'साता समुद्रापलीकडे'. येथे केवळ पलीकडचा काठ उरला. 'अपूर्वाई' या नावात प्रवासच नाही, प्रवासाचे फळ तेवढे आहे. मीना प्रभु यांच्या 'माझं लंडन'मध्ये षष्ठीचा अधिकार आला, वाट संपली आणि वस्ती सुरू झाली. नावांवरून ग्रंथांची परीक्षा करणे हे काहीसे पोरकट आहे, याची जाणीव आम्हांस आहे. परंतु ग्रंथांच्या अंतरंगातही हाच क्रम आढळतो. एका शहराचे प्रकरण संपते आणि पुढच्या प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात लेखक दुसऱ्या शहरात पोहोचलेला असतो. मधली सात-आठ तासांची गाडी गळून जाते. गाडगीळांसारखा मनोव्यापारांचा सूक्ष्म वेध घेणारा कथाकार, जो पेशाने अर्थशास्त्राचा प्राध्यापकही होता, तोही माणसे आणि शहरे यांत जितका रमतो तितका त्यांच्यामधल्या रुळांवर रमत नाही.

याचे एक कारण गाडीच्या डब्यातच दडलेले असावे. मराठी लेखकाला आगगाडीचा डबा माहीत असतो तो बोलका. अनोळखी माणसाचे गाव, नोकरी, मुलांची संख्या आणि आजार हे सारे पहिल्या अर्ध्या तासात कळावे, अशी आपली रीत. पु. लं.ची 'म्हैस' एस.टी.त घडते आणि एवढ्याशा अवकाशात अवघा कोकण बोलू लागतो. युरोपातील डब्यात, त्यातही जुन्या पद्धतीच्या, बाजूने पडवी आणि आत समोरासमोर बाके असलेल्या खोलीत, सहा माणसे सहा तास गप्प बसू शकतात. या गप्पपणापुढे मराठी लेखणी थबकते. संवाद नाही म्हणजे प्रसंग नाही, प्रसंग नाही म्हणजे लिहिण्याजोगे काही नाही, असा समज करून घेऊन लेखक खिडकीबाहेर पाहतो, दोन ओळींची हिरवळ रंगवितो आणि उतरतो. डब्यातील शांतता हाच एक विषय आहे, हे क्वचितच कोणाला सुचले.

दुसरे कारण असे की ज्याचे तिकीट दुसऱ्याने काढलेले असते त्याची गाडी सहसा चुकत नाही, आणि चुकली तर कोणीतरी सोय करतो. काटकसरीच्या प्रवाशाचे सारे नाट्य मात्र मधल्या अंतरात असते. रात्रीची गाडी निवडावी म्हणजे मुक्कामाचा खर्च वाचतो. पण रात्री दोनला कोणत्या तरी सांध्यावर गाडी बदलावी लागते. प्रतीक्षागृहाला कुलूप असते, पाणी विकत घ्यावे की नळ शोधावा हा प्रश्न असतो, फलाटावर आणखी कोणी आपल्यासारखे पहुडले आहे का याचा शोध असतो. हे ज्याने भोगले त्याला युरोप शहरांची माळ म्हणून आठवत नाही, सांध्यांची माळ म्हणून आठवतो.

गाडी बदलणे म्हणजे काय, हे जालन्याच्या वाचकास निराळे सांगावयास नको. निजामाच्या राज्यात गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर गोदावरी खोऱ्यातून जो लोहमार्ग घातला गेला तो मीटरमापी होता, आणि नव्वदच्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत मुंबईस जाणाऱ्या मराठवाड्यातील माणसाला मनमाडला सामानासह उतरून रुंद रुळांची गाडी धरावी लागे. 'जालना सोने का पालना' ही म्हण अभिमानाने सांगणाऱ्या पिढीने मनमाडच्या फलाटावर किती रात्री काढल्या असतील! रुळांच्या रुंदीने आखलेली ही सीमा नकाशावर नव्हती, पण शरीराला ठाऊक होती. युरोपातही स्पेनच्या सरहद्दीवर आणि पूर्वेस ब्रेस्ट येथे रुळांची रुंदी बदलते, आणि तेथील प्रवासाच्या आठवणींत या जागा ठळक असतात. मनमाडची आठवण घेऊन कोणी मराठवाड्याचा लेखक फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरील फलाटावर उतरला असता, तर त्याने काय लिहिले असते? असा लेखक त्या काळात तेथवर पोहोचला नाही, म्हणून ते वाङ्मयही जन्मले नाही.

गमतीची गोष्ट अशी की मधल्या अंतराचे मोल मराठी प्रवासवर्णनाआधी हिंदी चित्रपटाने ओळखले. १९९५ चा 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' मुंबईच्या मराठा मंदिरात वर्षानुवर्षे चालला, त्यातील पूर्वार्ध म्हणजे तरुणांची युरोपची रेल्वेसफर. तीतील प्रेमकथा एखाद्या प्रेक्षणीय स्थळी सुरू होत नाही, दोघांची गाडी चुकते तेव्हा सुरू होते. पटकथाकाराने हिशेब बरोबर केला होता. पास खिशात असलेल्या दोन माणसांना एकत्र आणावयाचे तर गाडी चुकविली पाहिजे. बाकी त्या चित्रपटात दारिद्र्याचा लवलेश नाही, आणि त्या नायकाला काटकसरी म्हणणे धाडसाचे होईल.

मराठी मध्यमवर्ग मात्र युरोपला गेला तो संघाने. सहल-संस्थांनी गेल्या चाळीस वर्षांत लाखो माणसांना आल्प्स दाखविले, सोबत वरणभात दिला, आणि परक्या मुलखाची भीती घालविली. याची टवाळी करण्याची आमच्या क्षेत्रात फॅशन आहे, ती आम्हांस मान्य नाही. आयुष्यात प्रथमच घराबाहेर पडणाऱ्या स्त्रियांना या संघांनी जे दिले त्याचे वाङ्मयीन मूल्यमापन अजून व्हावयाचे आहे. २०२१ च्या 'झिम्मा' चित्रपटाने ब्रिटनच्या सहलीवर निघालेल्या स्त्रियांच्या निमित्ताने त्याचा ओझरता स्पर्श केला. परंतु सहलीची बस हॉटेलच्या दारातून निघते आणि हॉटेलच्या दारात थांबते, त्यामुळे मधले अंतर येथेही नाहीसे होते. मीना प्रभु यांचा मार्ग याहून वेगळा. संघाविना, स्वतः आखून, स्वतः खर्च करून त्यांनी देशोदेशी प्रवास केला आणि 'दक्षिणरंग', 'ग्रीकांजली', 'रोमराज्य' असे ग्रंथ मराठीला दिले. वाहन, वाट, वाटेतली फसगत यांस त्यांच्या लेखनात पूर्वसूरींपेक्षा पुष्कळ अधिक जागा मिळाली. पाहुण्याचा मिंधेपणा त्यांच्या वाक्यात नाही, आणि आमच्या मते रमाबाईंनंतर तो प्रथम गेला तो येथेच. त्यांची सुबत्ता हा त्यांचा दोष नव्हे. तिच्यामुळे जे दिसत नाही तेवढे आपण ध्यानात ठेवावे.

येथवरचे विवेचन वाचून कोणास वाटेल की काटकसर हाच वाङ्मयीन गुण होय, असा आमचा दावा आहे. तसा तो नाही. युरोपातील तरुण सॅक पाठीवर टाकून निघतो तेव्हा त्याचे दारिद्र्य बहुधा उसने असते. महिनाभर पाव-चीजवर राहून तो परत जातो आणि ज्या घरी जातो तेथे स्नानगृहात गरम पाणी असते. स्वेच्छेने पत्करलेल्या गैरसोयीत एक प्रकारचे सौंदर्य असते, आणि त्याविषयीच्या लेखनात अहंकार सहज शिरतो. 'मी किती थोडक्यात भागविले' हे वाक्य 'मी कोणत्या उंची हॉटेलात उतरलो' या वाक्याचेच उलटे रूप आहे. इंग्रजीत अशा पुस्तकांचा सुकाळ झाला आहे, आणि त्यांतील बरीचशी कंटाळवाणी आहेत.

या बाबतीत जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत राहून विचार करणाऱ्याला एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. येथील भट्ट्यांवर आणि सळयांच्या कारखान्यांत काम करणारे पुष्कळ मजूर मध्य प्रदेश, बिहार, उत्तर प्रदेश येथून बिनआरक्षणाच्या डब्यातून, पाठीवर एक पिशवी घेऊन येतात. काटकसरीचा प्रवास, रात्रीची गाडी, सांध्यावरचा मुक्काम, सामायिक खोली, पाळीपाळीने रांधणे हे सारे त्यांच्या आयुष्यात आहे. त्यांना आपण प्रवासी म्हणत नाही. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, यांतीलच एक तुकडी गावी जाणारी गाडी भुसावळहून मिळेल या आशेने जालन्याहून रुळांच्या कडेने चालत निघाली. रात्रभर चालून थकलेले ते मजूर करमाडच्या अलीकडे रुळांवरच झोपले. ८ मे रोजी पहाटे आलेल्या मालगाडीखाली त्यांतील सोळा जण मृत्यू पावले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांची छायाचित्रे देशाने पाहिली. तहानलाडू-भूकलाडू हा शब्द या लेखात आम्ही वर सहज लिहून गेलो. त्या छायाचित्रानंतर तो तितक्या सहजपणे उच्चारता येत नाही.

ही घटना येथे आणण्यात भावनेचा आधार घेऊन युक्तिवाद जिंकण्याचा हेतू नाही. काटकसरीच्या प्रवासाचे सौंदर्यशास्त्र मांडताना ज्यांना दुसरा पर्यायच नसतो त्यांच्या प्रवासाला त्यात कोणते स्थान, हा प्रश्न टाळला तर ते शास्त्र पोकळ राहील, एवढेच म्हणावयाचे आहे. गोडसे भटजींचा प्रवास गरजेचा होता. त्यांनी तो लिहिला, कारण ते लिहू शकत होते आणि एका जाणत्या माणसाने त्यांना लिहावयास लावले. हौस आणि गरज यांमधील रेषा मराठी प्रवासवर्णनात आरंभी पुसट होती, आणि शिष्यवृत्तीच्या काळात ती इतकी ठळक झाली की गरजेचा प्रवास या वाङ्मयप्रकारातून बाहेरच पडला. तो आत्मचरित्रात गेला, दलित साहित्यात गेला, कादंबरीत गेला. तेथे त्याला न्याय मिळाला. पण प्रवास म्हणून त्याच्याकडे पाहिले गेले नाही.

आज परिस्थितीने आणखी एक वळण घेतले आहे. चलनाची अडचण फारशी उरलेली नाही. जालन्याचा मध्यम मिळकतीचा तरुण दोन-तीन वर्षे पैसे साठवून इंटररेलचा चुलतभाऊ असलेला युरेल पास विकत घेऊ शकतो. अडचण प्रवेशपत्राची आहे. १९८५ च्या शेंगेन करारापासून युरोपातील देशांमधल्या सीमा हळूहळू विरल्या आणि १९९५ पासून एका गाडीतून अनेक देश न थांबता ओलांडता येऊ लागले. त्या मोकळ्या प्रदेशाभोवतीचे कुंपण मात्र उंचच राहिले. अर्जदाराने बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबई किंवा पुणे गाठावे, बँकेचे उतारे द्यावे, तीस हजार युरोंचे विमासंरक्षण घ्यावे, जून २०२४ पासून नव्वद युरोंचे शुल्क भरावे, आणि मुख्य म्हणजे कोणत्या तारखेस कोणत्या गावी कोठे राहणार याची यादी आधीच सादर करावी. इंटररेलचे सारे आकर्षण अनिश्चिततेत होते. सकाळी फलाटावर जावे आणि समोर येईल ती गाडी धरावी. आमच्या तरुणाला हे स्वातंत्र्य कागदोपत्री नाकारलेले आहे. त्याला प्रवासापूर्वीच प्रवासवर्णन लिहावे लागते, तेही वकिलातीतील अधिकाऱ्यास पटेल अशा शैलीत, आणि त्यात मधले अंतर लिहावयाचे नसते. एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामास जाणारी कोरी रेघ पुरते. ज्या दोषाचा आरोप आम्ही मराठी लेखकांवर केला, तो आता अर्जाच्या नमुन्यातच छापलेला आहे, हे मोठे चमत्कारिक आहे.

या अर्जांचा, त्यांना जोडलेल्या आराखड्यांचा, परतल्यावर राहिलेल्या तिकिटांचा आणि हिशेबाच्या वह्यांचा वाङ्मयीन साधने म्हणून अभ्यास व्हावा, अशी आमची सूचना आहे. प्रवाशाची हिशेबवही हा उपेक्षित मजकूर आहे. तीत विशेषणे नसतात, पण क्रम असतो, पाण्याच्या बाटलीची किंमत असते, गाडी चुकल्याचा दंड असतो आणि एखाद्या दिवशी काहीच न खाल्ल्याची कोरी ओळ असते. जुन्या प्रवासवर्णनांच्या लेखकांच्या अशा वह्या कोणा कुटुंबीयांपाशी असतील तर त्या विभागाने मिळवाव्या. चलनटंचाईच्या काळातील यजमानांची पत्रेही मिळवावी, म्हणजे पाहुण्याच्या पुस्तकाशेजारी यजमानाचे म्हणणे ठेवून पाहता येईल.

ज्या विद्यार्थ्याच्या प्रश्नावरून हे सारे सुरू झाले त्याने आपल्या लघुप्रबंधासाठी हाच विषय घेतला आहे. 'माझा प्रवास'मधील जमाखर्चाच्या नोंदी प्रकरणवार उतरवून काढण्यापासून त्याने आरंभ केला आहे. युरोपविषयक पुस्तके त्यानंतर. दुसऱ्या प्रकरणात करमाडच्या मजुरांचा उल्लेख करावा की नाही याविषयी त्याचे आणि आमचे अद्याप एकमत झालेले नाही. तो उल्लेख नको म्हणतो, कारण त्यांतील कोणी काही लिहून ठेवलेले नाही आणि वाङ्मयाच्या प्रबंधात मजकूर हवा. आम्ही हवा म्हणतो. पुढील सत्रात यावर चर्चा ठेविली आहे, आणि त्यासाठी त्याने कारखान्यात त्या दिवसाची पाळी बदलून मागितली आहे.